काटा दोनदा हलला

बाबा, मागच्या हिवाळ्यात मी पृथ्वीच्या वरच्या टोकाजवळ जाऊन आले. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न हाच विचारला असतात, की गाडी कुठपर्यंत जाते. गाडी निम्म्या वाटेपर्यंतच जाते. नॉर्वे म्हणून देश आहे, त्याचा किनारा उत्तरेकडे चढत जातो, आणि पुढचा सगळा प्रवास आगबोटीने करावा लागतो. बोट आपल्या पॅसेंजरसारखी प्रत्येक लहान धक्क्याला थांबते. टपालाच्या थैल्या उतरतात, खारवलेल्या माशांची पिंपं चढतात, कंदील घेतलेला एक माणूस बोटीवरच्या माणसाशी दोन शब्द बोलतो आणि पुन्हा अंधारात निघून जातो. तो माणूस पाहिला की मला आपलं स्टेशन आठवायचं. एका ठिकाणानंतर सूर्य उगवणं बंद झालं. दुपारी थोडा वेळ आभाळ निळसर व्हायचं, राखेतून फुंकर मारल्यासारखं, आणि परत काळोख. बोटीवर साडी नेसलेली मी एकटीच होते. साडीच्या आत पुरुषांची लोकरी विजार होती, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

हैदराबाद सरकारने मला यंत्रांचं शिक्षण घ्यायला विलायतेत पाठवलं होतं. हवेचा दाब, वारा, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी यंत्रं. ती बसवायची, दुरुस्त करायची, आणि मुख्य म्हणजे ती कुठे चुकतात ते ओळखायचं. तिथल्या साहेबांना मी सांगितलं की उत्तरेकडे चुंबकाची यंत्रं कशी चालतात ते मला पाहायचंय. बरोबरच्या मुलींना सांगितलं की हिवाळ्यात तिकडच्या आभाळात उजेड नाचतो, तो पाहायचाय. दोन्ही खरं होतं. परत आल्यावर आईने विचारलं, "इतक्या दूर जाऊन काय पाह्यलंस?" मी म्हणाले, आभाळातला उजेड. "आपल्या इथं उजेड न्हाई का? भाजून निघून राह्यलेत लोक उजेडानं. अन् तू उजेड बघाया बर्फात गेल्तीस!" असं म्हणून तिने माझे हात उलटसुलट करून पाहिले, बोटं सगळी आहेत ना म्हणून. तिसरं कारण मी तिलाही सांगितलं नाही. ते तुमचं होतं.

आपलं स्टेशन जालन्याच्या पुढे, परतूरच्या बाजूला. दोन खोल्यांचं क्वार्टर, एक लिंब, एक विहीर, आणि फलाटाला लागून तुमची तारेची खोली. मला ती खोली स्वयंपाकघरापेक्षा जास्त ओळखीची आहे. यंत्र म्हणजे एक लाकडी पेटी, तिच्या तोंडावर उभा काटा, आणि काट्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे लहान तुकडे. काटा डावीकडे आपटला की एक आवाज यायचा, उजवीकडे आपटला की दुसरा. तुम्ही न बघता, पाठमोरे बसून, नुसत्या आवाजावर तार घ्यायचात. तार एकच होती. वीज तारेतून जाते आणि जमिनीतून परत येते, हे मला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत, नंतर विलायतेतल्या साहेबांनी. त्यासाठी खोलीच्या मागे तांब्याचा पत्रा पुरलेला होता आणि ती जागा ओली ठेवावी लागायची. कोरड्या दिवसांत तिथे घागर ओतणं हे माझं काम. आई चिडायची. "तुळशीला पाणी घाल म्हणलं तर ऐकू येत न्हाई, अन् त्या खड्ड्याला न चुकता घालतीस. तिथं काय बाबाचं झाड उगवनार हाय?" तुम्ही आतून म्हणायचात, "उगवलंय की. त्याचीच भाकर खाऊन राह्यलीस तू."

पुढच्या स्टेशनचे मास्तर तुमचे दोस्त. मी त्यांना चाचा म्हणायची, जरी त्यांना प्रत्यक्ष फार थोड्या वेळा पाहिलं होतं. तुम्ही दोघेही फारसे भेटत नव्हतात. भेटणार कसे, एक जण सुटीवर गेला तरी दुसऱ्याला स्टेशन सोडता येत नसे. तुमची दोस्ती तारेवरची. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा गार्डाच्या डब्यातून यायचा, दिवाळीला आपल्याकडून करंज्या त्याच वाटेने जायच्या. तुम्ही म्हणायचात, की याला मी तोंडावरून कदाचित ओळखणार नाही, पण तारेवर याने नुसतं खाकरलं तरी ओळखीन. आणि तुम्हा दोघांमध्ये एक गोष्ट ठरलेली होती. रूळ एकेरी. पुढच्या स्टेशनने लाइन क्लियर, म्हणजे रूळ मोकळा असल्याचा निरोप, दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि ती द्यायची तर पूर्ण संदेश पाठवायचा, तो उलट म्हणून दाखवायचा, त्याचा नंबर घ्यायचा, मग चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात. सगळीकडे हाच कायदा. पण तुमच्या दोघांच्या गाड्या तुम्हाला तोंडपाठ होत्या. तुम्ही विचारायचात, आणि तिकडून काटा डावीकडे दोनदा आपटायचा. टक्, टक्. झालं. गाडी सुटायची, आणि कायद्याचा संदेश मागाहून सवडीने पुरा व्हायचा. कितीतरी वर्षं असंच चाललं आणि काही बिघडलं नाही.

तो दिवस आषाढातला होता, पण पावसाने ओढ दिली होती. मी खड्ड्याला पाणी घालून उंबऱ्यात बसले होते. दिवे लागायची वेळ. मालगाडी फलाटाला उभी, इंजिनाची वाफ लिंबात शिरतेय, ड्रायव्हर खोलीच्या दाराशी येऊन म्हणतोय, "मास्तर, जल्दी करा, पुढं पानी भरायचंय." तुम्ही विचारता. थोडा वेळ काही नाही. मग काटा डावीकडे दोनदा आपटतो. तुम्ही चिठ्ठी फाडून त्याच्या हातात देता, माझ्याकडे पाहून उगाच भुवया उडवता, आणि गाडी जाते. त्या वेळी चाचांनी खडीची गाडी आपल्या दिशेने आधीच सोडलेली होती. त्यांच्या मते तुम्ही तिला लाइन क्लियर दिली होती. नाल्याच्या वळणावर दोन्ही इंजिनं समोरासमोर आली. वेग फार नव्हता, ड्रायव्हरांनी उड्या टाकल्या, एक फायरमन आत राहिला. नवीन लागलेला मुलगा होता. त्याची आई आपल्या फलाटावर येऊन बसली होती; ती रडत नव्हती, येणाऱ्या प्रत्येकाला त्याचं वय सांगत होती.

चौकशीत तुम्ही म्हणालात, मला लाइन क्लियर मिळाली. चाचा म्हणाले, मी दिली नाही. ती कशी मिळाली, दोन टक् म्हणजे काय, हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर दोघांचीही नोकरी जात होती. एवढी दोस्ती तुम्ही शेवटपर्यंत पाळलीत. त्यामुळे साहेबांपुढे गोष्ट सोपी झाली: दोन माणसं, त्यांतला एक खोटं बोलतोय. चिठ्ठीवर सही तुमची होती. तुमची नोकरी गेली, क्वार्टर गेलं, आणि आपण जालन्यात जिनिंग कारखान्याच्या मागे भाड्याच्या खोलीत आलो. तुम्ही कापसाच्या गाठी मोजायला लागलात. तारेच्या खोलीत मान वर करून बसणारा माणूस तिथे रुईच्या धुळीत तोंडाला फडकं बांधून उभा राहायचा.

घरात आपल्याला कुणालाच शंका नव्हती. काटा मीही ऐकला होता. मी तसं आईला सांगितलं, आईने सगळ्या आळीला. चाचांनी नोकरी वाचवायला खोटं सांगितलं, हे आपल्या घरात भिंतीसारखं पक्कं होतं. त्या सालच्या ईदला त्यांचा डबा आला, कुणा ओळखीच्या गार्डाच्या हाती, शोधत शोधत जिनिंगपर्यंत. मी झाकण उघडायला हात पुढे केला. "ठेव खाली," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. मला तुम्ही आयुष्यात तसे एवढेच दोन शब्द बोललात, म्हणून ते अजून जागच्या जागी आहेत. गार्ड म्हणाला, "मास्तर, गोडाधोडावर कायकू राग?" तुम्ही डबा त्याच्या हातात परत दिलात, भरलेला, बांधलेला, जसाच्या तसा. आई चुलीपुढून म्हणाली, "मन खातंय, मंग डबे पाठवतो." तुम्ही नुसतं इतकंच म्हणालात, "काट्यावरचा हात त्याचाच व्हता. मला त्याचा हात कळत न्हाई का?"

त्यानंतर त्यांचा विषय तुम्ही काढला नाहीत. खोकला वाढत गेला. शेवटच्या आजारात तुमची बोटं गोधडीवर हलायची, आणि मी त्यांच्याकडे बघत बसायची. काही कळण्यासारखं नव्हतं. तार असती तर मला वाचता आली असती, तोवर तुम्ही मला ती शिकवली होतीत.

विलायतेत एका दुपारी साहेब चुंबकी वादळांबद्दल शिकवत होते. सूर्यावर काही उसळतं, त्याने पृथ्वीचं चुंबकत्व हलतं, आणि मग जमिनीतूनच विजेचे प्रवाह वाहायला लागतात. त्याच वेळी उत्तरेच्या आभाळात तो उजेड दिसतो. साहेब गमतीने म्हणाले, की मोठं वादळ झालं तेव्हा तारबाबूंनी बॅटऱ्या काढून ठेवल्या तरी तारा बोलत राहिल्या. प्रवाह एका गावच्या पत्र्यातून तारेत चढायचा आणि दुसऱ्या गावच्या पत्र्यातून उतरायचा. वर्गात सगळे हसले. मी विचारलं, हे दक्षिणेकडे, हिंदुस्थानासारख्या ठिकाणी होतं का. ते म्हणाले, कमी होतं, पण वादळ मोठं असेल तर होतं. मी ते लिहून घेतलं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर प्रथम सुचलं ते हे, की कोरड्या आषाढात मी त्या पत्र्यावर पाणी घातलं होतं. मी त्याचा हिशोब केला. एका घागरीने पडणारा फरक नगण्य आहे. तरीही हिशोब दुसऱ्यांदा करून पाहिला.

मग मी उत्तरेला गेले. जिथे मुक्काम होता तिथली घरमालकीण म्हातारी होती, तिची एक भाषा, माझी दुसरी. लढाईत तिचा मुलगा गेला होता. ती मला रोज बटाटे आणि मासा वाढायची, मी रोज बटाटे खायची. तिसऱ्या दिवशी तिने मासा वाढणं थांबवलं आणि बटाटे दुप्पट केले. वेधशाळा गावाबाहेर टेकाडावर, लाकडी, लोखंडाचा एक खिळासुद्धा न वापरता बांधलेली. आत अंधारात एक चुंबक दोऱ्याला टांगलेला, त्यावर इवलासा आरसा, आणि आरशातून भिंतीवर पडलेला उजेडाचा ठिपका. पृथ्वी शांत असेल तर ठिपका शांत. पाच-सहा दिवस ढग होते आणि ठिपका जवळजवळ हलला नाही. एका संध्याकाळी, चहाच्या वेळेला, तो डावीकडे सरकला. परत आला. पुन्हा डावीकडे सरकला. आवाज काहीच नव्हता, बाबा. मी आवाजाची वाट बघत होते.

वेधशाळेच्या रखवालदाराने बाहेरून हाक मारली, तेव्हा मी गेले. आभाळात हिरवट उजेडाचा एक पट्टा पसरला होता, आणि तो वाळत घातलेल्या धोतरासारखा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलत होता, वारा नसताना. खालच्या काठाला किंचित लाल. मग तो फाटला, दोन झाले, डोक्यावर आले. बर्फ हिरवं झालं, माझे हातही. जिने माणूस मारला, नोकरी घेतली, दोन दोस्त तोडले, ती गोष्ट मी पाहायला आले होते. तिचं तोंड पाहावं, असंच काहीसं मनात होतं. पण तिथे कुणी नव्हतं. ज्याच्यावर रागवावं असं काहीच त्या उजेडात नव्हतं, आणि तो सुंदर होता. रखवालदाराला तोडकं इंग्रजी येत होतं. मी त्याला आपल्या स्टेशनची गोष्ट सांगितली, माणसं कोण ते न सांगता. तो म्हणाला, असं झालं असेल, का नाही. मग त्याने विचारलं, "कोणत्या दिवशी?" मी म्हणाले, माहीत नाही.

आता जालन्यात दिवस बरे नाहीत. संध्याकाळी दारं लवकर लागतात, ओळखीचे लोक रस्त्यात थांबून बोलत नाहीत. येत्या आठवड्यात मी आईला घेऊन हैदराबादची हद्द ओलांडून, मनमाडमार्गे मामाकडे नगरला जातेय, परत यायचं कधी ते ठरलेलं नाही. म्हणून जायच्या आधी चाचांना भेटायचं ठरवलं. ते कुंडलिकेच्या पलीकडे, काद्राबादेत मुलीकडे असतात. आई दारात आडवी उभी राहिली. "त्या लोकांत जाऊन राह्यलीस? या दिवसांत? त्या लोकांनी आपलं वाटोळं केलं, कळत न्हाई का तुला?" इतकी वर्षं आई 'तो माणूस' म्हणायची. 'ते लोक' हे यंदाचं आहे. मी तिला बाजूला केलं आणि भर दुपारी पूल ओलांडून गेले.

चाचा बाजेवर बसले होते. नजर गेलीय. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, "आवाज मास्तरचाच हाय. बैठ बेटी." मी त्यांना सगळं सांगितलं: सूर्य, जमिनीतले प्रवाह, पत्रा, तो उजेड. सोप्या शब्दांत सांगितलं, पण त्यांना सोपे शब्द लागले नाहीत; त्यांनाही त्यांच्या स्टेशनचा पत्रा आठवत होता. मी म्हणाले, "चाचा, तुम्ही टक् दिले नाहीत. आणि बाबांनी ते ऐकले. दोन्ही खरं आहे." ते म्हणाले, "मी समजून राह्यल्तो, मास्तर घाईत थांबलाच न्हाई. अन् वर माझं नाव घेतलं. तरी म्हणलं, जाऊ दे, लेकराबाळांचा मानूस हाय. माफ केलं म्हणून डबा पाठवल्ता. त्यानं वापस केला. मंग मी बी तोडलं." तुम्ही तो डबा कबुलीचा समजलात, बाबा, आणि त्यांनी तो माफीचा पाठवला होता. तुम्हा दोघांनाही एकमेकांचा हात ओळखता येत होता म्हणे.

मग ते एकाएकी हसले, खोकला येईपर्यंत. "म्हंजे आसमानानं लाइन क्लियर दिली! अन् नौकरी गेली तुझ्या बापाची. आसमानाला कोन सस्पेंड करनार?" हसू थांबल्यावर त्यांनी हात पुढे केला, हवेतच, मी कुठे आहे ते चाचपत. "बेटी, पक्कं ना? बिलकुल पक्कं?" मी म्हणाले, "पक्कं." त्यांनी मान हलवली, आणि आतल्या मुलीला हाक मारून म्हणाले, "हिला कुछ मीठा दे." मी ते खाल्लं.

हे पत्र मी तुम्हालाही तेच सांगायला लिहायला घेतलं होतं. पण हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून यात नुसतं 'पक्कं' लिहून भागत नाही. मला शिकवलंय ते यंत्र कुठे चुकतं ते ओळखायला. काटा जमिनीतल्या प्रवाहाने हलला असेल. लांबवर कुठे वीज चमकली असेल. तारेला फांदी लागली असेल. चाचांच्या खोलीत दुसऱ्या कुणाचा हात लागला असेल. आणि उंबऱ्यात बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीने दोन टक् खरोखर ऐकले होते, की पुढे घरात ती गोष्ट रोज ऐकून तिला ते ऐकू यायला लागले, हे मला आता सांगता येत नाही. विलायतेतल्या त्या दुपारच्या कितीतरी आधीपासून सांगता येत नाही. म्हणून मी तिकडे गेले. आभाळाने ते केलेलं मला हवं होतं.

त्या दिवशी तसं वादळ होतं की नाही, हे शोधणं मुळीच अवघड नाही. जगातल्या कुठल्याही वेधशाळेत सांगतील. त्यांना फक्त दिवस सांगावा लागतो. आईला तिथी पाठ आहे. दरवर्षी त्या दिवशी ती चूल उशिरा पेटवते, आणि त्या वेळी मी हैदराबादेत, नाहीतर विलायतेत असते, दरवर्षी. आत्ता ती आत प्रवासाच्या दशम्या करतेय, मधूनच मला काहीतरी विचारतेय, तेल कमी पडलं तर कुठून आणायचं, असं. दार उघडं आहे. इथून नुसतं विचारलं तरी ती सांगेल. मी विचारत नाही.